एका सिलिंडरची जुनी गाडी घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर आलेला सचित्र लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, भाषा रसाळ होती, आणि गेली बेचाळीस वर्षे मी जिच्यावर जीव लावून बसलो आहे त्याच जातीच्या एका गाडीचे पानभर छायाचित्र पाहून आनंदही झाला. तरीही लेख संपल्यावर मनात रुखरुख राहिली. त्यानंतरच्या आठ दिवसांत माझ्या ओळखीच्या तिघा तरुणांनी ‘सर, अशी गाडी कुठे मिळेल?’ अशी विचारणा केली. त्यांपैकी एकाने तर गाडी न पाहताच, केवळ मोबाइलवरच्या फोटोवर भुलून, इसाराची रक्कमही देऊन टाकली होती. या गाड्यांच्या गुणांबरोबर त्यांचे दोषही लेखात आले असते, तर त्या मुलाने निदान एकदा समोर जाऊन किक मारून पाहिली असती, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करावी लागल्यास गुणांचा भाग कापावा आणि दोषांचा ठेवावा, ही विनंती.

माझी गाडी बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीची एम-२० आहे. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातला हा कारखाना मुळात बंदुकांचा. म्हणूनच कंपनीच्या नावात ‘स्मॉल आर्म्स’ हे शब्द आहेत आणि बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत. व्हॅल पेज या अभियंत्याने आखलेली ही मालिका १९३७ मध्ये बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी सुमारे १ लाख २६ हजार एम-२० तयार झाल्या. सिलिंडर एकच, क्षमता ४९६ सीसी, सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९४ मिलिमीटर. एवढ्या मोठ्या इंजिनातून निघणारी शक्ती मात्र अवघी १३ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या दीडशे सीसीच्या साध्या गाडीइतकीच. लष्कराने निकाली काढलेल्या वाहनांतून आलेली आमची गाडी वडिलांनी १९५८ मध्ये तिसऱ्या मालकाकडून घेतली. वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. टाकीवरचा काळा रंग एका जागी खरवडला गेला आहे आणि त्याखालचा लष्करी हिरवा रंग तिथे अजून दिसतो. तो भाग मी मुद्दामच रंगवलेला नाही.

ही गाडी माणसाला का ओढून घेते, हे सांगायचे तर ती सुरू कशी करतात तिथपासूनच सांगावे लागते. पेट्रोलचा नळ उघडायचा, कार्बोरेटरच्या डोक्यावरची बारीक पिन बोटाने दाबून धरायची आणि पेट्रोल बोटाला लागले की सोडायची. हवेचा खटका बंद करायचा. हँडलवरच्या दुसऱ्या खटक्याने ठिणगी जरा उशिरा पडेल अशी ठेवायची, कारण ती लवकर पडली तर किक उलटी फिरते आणि पोटरी ठणकत ठेवते. मग किक हळूहळू दाबत न्यायची. पिस्टन वर येऊन अडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारा खटका ओढून त्याला माथ्यावरून अलगद पुढे न्यायचे, खटका सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि अंगातला सगळा भार टाकून एकच सलग किक मारायची. सगळे जमले असेल तर ती पहिल्याच किकेत चालू होते. त्यात जोरापेक्षा क्रमाला महत्त्व आहे. माझी धाकटी मुलगी पंधरा वर्षांची असताना ती चालू करायची आणि आखाड्यात जाणारा माझा दणकट पुतण्या घामाघूम होऊन बाजूला बसायचा.

चालू झाल्यावरचा ठेका एका सिलिंडरशिवाय मिळत नाही. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो, आणि सिलिंडर एकच असल्यामुळे मधल्या काळात इंजिन फिरत ठेवण्याचे काम आतल्या दोन जड चकत्या करतात. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर स्फोट चारशे, म्हणजे सेकंदाला सहा-सात होतात. कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात, जवळजवळ मोजता येतात. कोणता ठोका चुकला, कोणता दबका पडला, हे त्यामुळे बसल्या बसल्या कळते. पहाटे अक्कलकोट रस्त्याने तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर गेले, थ्रॉटल निम्म्याहून कमी उघडा ठेवला आणि वेग पन्नास-पंचावन्नवर स्थिरावला की तिच्यासारखे समाधान देणारे दुसरे वाहन मला माहीत नाही. (हल्ली सायलेन्सर बदलून शहरभर बार उडवत फिरणाऱ्या मुलांनी हेही ऐकावे की मूळ एम-२० चा आवाज दबका आणि संथ असतो, ती गल्लीतून गेली तर झोपलेले मूलही जागे होत नाही.)

तिची दुसरी ओढ माझ्यासारख्या तांत्रिक विषय शिकवलेल्या माणसाला अधिक जाणवते. या यंत्रात झाकून ठेवलेले काही नाही. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे आणि दोघांना जोडणारी चेन एका पत्र्याच्या पेटीत फिरते. प्लगला ठिणगी मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणारे यंत्र, देते आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी इंजिन चालते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे आहेत, त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ नुसते झाकण. बोल्ट सोडवून ते उचलले की पिस्टनवरचा कार्बन समोर दिसतो. शाळेतून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी एका शनिवारी मी हे हेड विद्यार्थ्यांसमोर उघडत असे. फळ्यावर काढलेले चार टप्पे मुलांना परीक्षेपुरते समजत, पण किक हाताने हळू दाबताना व्हॉल्व्ह उचलला जातो आणि बसतो हे एकदा पाहिलेला मुलगा ते पुन्हा विसरत नसे.

गुणांविषयी एवढे पुरे. दोषांपैकी पहिला तेलाचा, आणि तो मी स्वतःच्या खिशातून शिकलो.

या गाडीत इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असते. पंप ते इंजिनात पाठवतो आणि खाली साचलेले पुन्हा टाकीत आणतो. गाडी चालती असेपर्यंत हे चक्र नीट चालते. पण ती तीन-चार आठवडे उभी राहिली की पंपातल्या छोट्या पोलादी गोळीच्या बैठकीतून ऑइल थेंबथेंब झिरपते आणि टाकी रिकामी होऊन सगळे ऑइल क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तळाशी जमा होते. मग किक जड लागते, आणि चालू झालीच तर निळ्या धुराने अंगण भरते व ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर येते. यावर अनेक जण एक सोपा उपाय करतात, तोच मीही केला होता: टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीवर एक पितळी नळ बसवला. गाडी उभी करताना नळ बंद, चालवताना उघडा. सात-आठ वर्षे मी एकदाही चुकलो नाही.

एका खंडेनवमीला हत्यारांची आणि वाहनांची पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार घातला, घरात पाहुणे होते, आणि नातवंडांना आवाज ऐकवावा म्हणून मी ती चालू केली. चालू झालीच आहे तर तळ्यापर्यंत जाऊन येऊ, असे म्हणून निघालो. सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूला वळण्यापूर्वीच इंजिनाचा सूर बदलला. कोणीतरी आतून गाडी मागे ओढत असावे तशी ती जड झाली आणि मागचे चाक फरफटत थांबली. क्लच दाबून मी ती कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिले तेव्हा नळाची पितळी मूठ आडवी होती. आडवी म्हणजे बंद. हार तसाच गळ्यात असलेली गाडी दोघांनी ढकलत घरी आणली.

पिस्टन सिलिंडरला चिकटला होता आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे रोलर निळे पडले होते. सिलिंडर रीबोअर करून (आतून कातून रुंद करून) मोठ्या मापाचा पिस्टन घातला. परंतु खरे काम चकत्यांचे होते. क्रँकपिन (चकत्यांमधली, रॉड जिच्यावर फिरतो ती पिन) बदलायची तर दोन्ही चकत्या प्रेसवर उकलाव्या लागतात, आणि पुन्हा जोडल्यावर त्या तंतोतंत एका रेषेत फिरल्या पाहिजेत. ज्या मिस्त्रींनी ते केले ते वडिलांबरोबर गिरणीत कामाला होते. लेथच्या दोन टोकांमध्ये क्रँक धरून, डायल गेज (बारीकसा वाकही काट्याने दाखवणारे मापक) लावून, काटा फिरला की तांब्याच्या हातोडीचा एक बेताचा ठोका, पुन्हा फिरवून पाहणे, पुन्हा ठोका, असे दोन दुपारी चालले होते. काम संपल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘सर, नळ बसवला तर ध्यान बी तिथंच बसवायला पायजे. न्हाई तर नळ काढा आन् गोळीची बैठक नीट करून घ्या, रोग तिथं हाय.’ मी नळ काढला आणि गोळीची बैठक घासून घेतली. आता गाडी पंधरवड्याहून जास्त उभी राहिली तर इंजिनाच्या तळाची झाकणी काढून साचलेले ऑइल आधी भांड्यात घेतो. या सगळ्यात पाच महिने गेले, आणि खर्चाचा आकडा मी आजपर्यंत घरात खरा सांगितलेला नाही.

दुसरा दोष आपल्या गावच्या हवेशी निगडित आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या लेखांत तो फारसा सापडत नाही. एम-२० चे सिलिंडर आणि हेड बिडाचे आहेत आणि जळका वायू बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या अंगातच बसवलेला असल्यामुळे बाहेर जाणारी धग सिलिंडरलाच भाजत जाते. इंग्लंडच्या थंडीत हे खपून जाते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो, आणि अशा दुपारी विजापूर वेशीच्या गर्दीत पहिल्या गिअरवर दहा मिनिटे अडकलात तर टाकीखालून येणारी वाफ मांड्या भाजून काढते, इंजिन मंद होते आणि एकदा बंद पडले की गार झाल्याशिवाय किकेला दाद देत नाही. मॅग्नेटोचे दुखणे याहून फसवे असते. त्याच्या आतल्या तारांवर जुन्या काळी लाखेचा मुलामा दिलेला असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो मऊ पडतो, त्यातला कंडेन्सरही दुबळा होतो, आणि मग सकाळी पहिल्या किकेत चालू होणारी गाडी तासाभराने ठिणगी देईनाशी होते. विकणारा माणूस तुम्हाला गाडी नेहमी सकाळीच दाखवतो. ज्याला पाहायची आहे त्याने ती चांगली पाऊण तास चालवावी, बंद करावी, दहा मिनिटे थांबावे आणि मग किक मारावी. निम्म्या गाड्यांचे खरे रूप तिथेच उघडे पडेल.

माझ्या मॅग्नेटोने मला तुळजापूरच्या वाटेवर, तामलवाडीच्या पुढे, असाच दगा दिला होता. कोजागरीच्या आदल्या दिवसांतली संध्याकाळ होती आणि सोलापूरहून देवीला पायी निघालेल्या माणसांची रीघ रस्त्याच्या कडेने लागलेली होती. लिंबाच्या झाडाखाली तासभर बसल्यावर गाडी चालू झाली खरी, पण तोवर अंधार पडला होता आणि तेव्हा तिसऱ्या दोषाची ओळख झाली. सहा व्होल्टच्या डायनॅमोवर चालणारा सहा व्होल्टचा दिवा इंजिनाचा वेग कमी झाला की विझत आलेल्या कंदिलासारखा तांबूस होतो. पुढे चालणारी माणसे मला दिसत नव्हती आणि समोरून येणाऱ्या वाहनांना मी दिसत नव्हतो. एका म्हाताऱ्या बाईंच्या हातभर अंतरावरून मी गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता पदर सावरला. पुढचे अंतर मी गाडी ढकलत, चालणाऱ्यांच्या सोबतीने पार केले. सूर्य मावळल्यावर ही गाडी रस्त्यावर काढायची नाही हा नियम मी त्या रात्रीपासून पाळत आलो आहे. एलईडीचा दिवा बसवून घ्या, असे सुचवले जाते. तो अवश्य बसवावा. मूळ रूप बिघडते म्हणून जो बसवत नाही त्याने निदान दिवसाच फिरावे.

ब्रेकांविषयी थोडक्यात लिहितो. पुढे-मागे सात इंची ड्रम आहेत, गाडीचे वजन १६५ किलोच्या वर आहे, आणि पुढे स्कूटर आडवी आली तर आजची डिस्क ब्रेकची गाडी जिथे थांबते त्याच्या बरीच पुढे ही जाऊन थांबते. शिवाय गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. ज्याने आयुष्यभर याच्या उलट चालवले आहे त्याचा पाय घाबरल्यावर डोक्याचे ऐकत नाही. सात रस्त्याच्या चौकात माझ्या मुलाने जिवाच्या आकांताने ब्रेक म्हणून गिअरच दाबला होता आणि रिक्षाचा मागचा पत्रा आम्हाला भरून द्यावा लागला. मागे स्प्रिंग नाहीत, फक्त सीटखाली आहेत, त्यामुळे खड्ड्याचा हिशेब थेट कमरेला चुकता होतो. एकच पिस्टन वर-खाली होत असल्याने हादरे पूर्णपणे मारता येत नाहीत आणि महिन्यातून एकदा सगळे नट तपासावे लागतात. पुणे किंवा हैदराबादच्या महामार्गावर ट्रक-बसच्या ओघात साठच्या वेगाने जाणे सुखाचे नाही, सुरक्षित तर मुळीच नाही. माझी गाडी लिटरला वीस-बावीस किलोमीटर देते. तिचे इंजिन युद्धकाळातल्या हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावे असेच बनवलेले असल्यामुळे पेट्रोलच्या प्रतीची तिला तक्रार नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते मात्र जुन्या रबरी नळ्यांना आणि नळातल्या बुचाला मानवत नाही. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेत असल्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते.

सुट्या भागांत एकच सुखाची गोष्ट आहे: सव्वातीन इंची, १९ इंच रिमचा टायर बुलेटचाच असल्यामुळे तो नव्या पेठेतही मिळतो. बाकी पिस्टन, व्हॉल्व्ह, मॅग्नेटोचे भाग इंग्लंडहून मागवावे लागतात, त्यावर जकात आणि टपालखर्च येतो, आणि आल्यावर ते बसतीलच याची खात्री नसते. ज्यांना एका सिलिंडरचा ठेका हवा आहे पण हा व्याप नको आहे त्यांनी जुनी, बिडाच्या इंजिनाची बुलेट घ्यावी असे मी सांगतो. तीही मूळची ब्रिटिशच, रेडिच गावची. १९५५ पासून मद्रासला बनू लागली, ३४६ सीसीचे तिचे इंजिन अनेक दशके फारसे न बदलता चालू राहिले, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. तिच्या अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मधोमध आणून मग किक मारायची युक्ती शिकण्यात जी मजा आहे ती एम-२० पेक्षा कमी नाही. तिचा उजव्या पायाचा गिअर पचला, पॉइंट (ठिणगीचे संपर्क) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्वतः लावता येऊ लागले, म्हणजे मग पुढच्या पायरीचा विचार करावा.

कागदपत्रांविषयी लेखात एक ओळही नव्हती. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु या नोंदणीचे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतेच आणता येते. ज्या मुलाने इसार दिला होता तो या गाडीवरून रोज एमआयडीसीत कामाला जाण्याची स्वप्ने पाहत होता. ज्यांची गाडी आधीपासून रीतसर नोंदलेली आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो, पण त्यासाठी कागद सलग असावे लागतात. इंजिन आणि चेसिस यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नसतील तर लगेच दचकू नये, कारण लष्करी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी एका गाडीचे इंजिन दुसरीला सर्रास बसवले जाई. मात्र कागदावरचे क्रमांक आणि धातूवर ठोकलेले क्रमांक एकच हवेत. ठोकलेले आकडे वेड्यावाकड्या ओळीत असतील, त्यांच्याभोवतीची जागा कानशीने घासलेली दिसत असेल, तर तिथूनच परत फिरावे. त्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच निघाले. त्याचा इसार बुडाला.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले तिच्याकडे वळतो. अशा गाड्या सोलापुरात साठ-सत्तर वर्षे चालत्या राहिल्या त्या मालकांच्या हौसेने खचितच नव्हे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे एकामागून एक कापड गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांत विलायती यंत्रे आली, आणि त्या यंत्रांचे आटे व्हिटवर्थ मापाचे होते. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो आणि त्याच्या पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाच्या रुंदीचा नसतो. त्यामुळे मिलिमीटरचा पाना त्या नटाला एक तर जात नाही किंवा सैल बसून त्याचे कोपरे गोल करून टाकतो. गिरणीच्या फिटरकडे व्हिटवर्थचे पाने होते, तसलेच नवे बोल्ट लेथवर काढणारे टर्नर शेजारच्या बाकावर होते, आणि मागावर दहा तास काम केलेला माणूस रविवारी साहेबाच्या किंवा स्वतःच्या मोटारसायकलीला हात घालत असे तेव्हा त्याला ते यंत्र परके वाटत नसे. माझ्या वडिलांची पान्यांची पेटी अजून माझ्याकडे आहे. तिच्यातल्या अर्ध्या पान्यांनी आधी माग दुरुस्त केले आणि नंतर ही गाडी.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लेथ भंगारात गेले, काही अक्कलकोट रस्त्यावरच्या शेडमध्ये गेले. माझ्या गाडीची क्रँक सरळ करणारे मिस्त्री आज हयात नाहीत. अशा कामाला हात लावू शकतील असे माझ्या माहितीत शहरात तिघे उरले आहेत, तिघेही सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांपैकी एकाची दृष्टी अधू झाल्यामुळे डायल गेजचा काटा आता त्यांचा नातू वाचून सांगतो. गाड्या मात्र बाहेरगावाहून येतच आहेत, लाखांच्या भावाने विकल्या जात आहेत, आणि त्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या बिघाडानंतर त्या दिवाणखान्यात उभ्या कराव्या लागणार आहेत.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी की, पुरवणीचा पुढचा लेख गाड्यांवर न छापता या तिघांवर छापावा. वार्ताहराने त्यांच्या शेडमध्ये एक दिवस बसावे, बुशिंग कसे बसवतात, व्हॉल्व्हची बैठक हाताने कशी घासतात, बिडाला गेलेला तडा शिवून कसा बंद करतात, हे पाहावे आणि फोटोसह लिहावे. शहरातल्या आयटीआयच्या प्राचार्यांनी तो वाचला आणि यांपैकी एखाद्या मिस्त्रींना महिन्यातून दोन दिवस मुलांसमोर उभे केले, तर त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागणार नाही. माझी गाडी मी आनंदाने तिथे नेऊन उभी करीन, वडिलांच्या पेटीसकट. नळ नसलेली ऑइलची नळी मुलांना दाखवायला तेवढी मी स्वतः हजर राहीन.

कळावे,

आपला एक जुना वाचक
(निवृत्त शिक्षक, नाव छापू नये)
रेल्वे लाइन्स, सोलापूर